पहिल्या मुलाखतीचे कपडे: दुकानापेक्षा शिंप्याकडे जास्त लक्ष द्या

महागाचा शर्ट घालूनही माणूस अवघडलेला दिसतो, तेव्हा बहुतेक वेळा घोळ खांद्यात असतो. खांद्याची शिवण बरोबर हाडाच्या टोकावर यायला हवी. ती दंडावर उतरली की शर्ट थोरल्या भावाचा वाटतो. पोटाचा घेर किंवा बाहीची लांबी शिंपी कमी करून देतो. खांदा मात्र उसवून पुन्हा बसवणं किचकट, त्यात मुंढाही, म्हणजे बाही जोडलेला काखेचा घेर, बिघडतो. म्हणून दुकानात आधी खांदा बघा.

फॉर्मल शर्टावरचा ३९, ४०, ४२ हा आकडा सहसा छातीचा नसतो. तो कॉलरचा असतो, सेंटीमीटरमध्ये. छाती ४० इंच म्हणून ४० नंबर उचलणाऱ्यांची इथेच फसगत होते. वरचं बटण लावल्यावर कॉलरमध्ये दोन बोटं सहज गेली पाहिजेत. रंग पांढरा किंवा फिका निळा. मुलाखत व्हिडिओवर असेल तर बारीक रेघांचा शर्ट टाळा, कॅमेऱ्यात त्या रेघा थरथरतात. पांढऱ्या शर्टाखाली पांढरा बनियन उठून दिसतो. अंगाच्या रंगाचा घाला.

पँटची उंची बूट घालूनच मोजायला लावा. कमर इंच-दीड इंच आत घेता येते. त्याहून जास्त घेतली की मागचे खिसे एकमेकांना भिडतात. कमर वाढवायची असेल तर पँट उलटी करून शिवणीत माया, म्हणजे आत सोडलेलं जादा कापड, किती आहे ते आधी पाहा. लग्नसराईत शिंपी 'उद्या देतो' म्हणाला तरी हातात दहा दिवस ठेवा.

नवा शर्ट एकदा धुऊनच घाला, पाकिटातल्या घड्या नुसत्या इस्त्रीने नीट जात नाहीत. कोट घेतलाच, तर मागच्या फटीवरचा फुलीसारखा कच्चा टाका आणि बाहीवरचं लेबल काढा. ते दुकानापुरतंच असतं, पण तसेच घालून येणारे पुष्कळ. आयटीतल्या फ्रेशरला कोटाची गरज सहसा नसते. हॉटेलच्या मुलाखतीत मात्र नखं आणि दाढीसुद्धा बघतात.

बुटांचं एक कुणी सांगत नाही. वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या बुटांचा पीयू (पॉलियुरेथेन, एक प्रकारचं प्लॅस्टिक) सोल आपल्या दमट हवेत आतून कुजतो. वरून चकचकीत, आणि स्टेशनच्या जिन्यावर तुकडे पडायला लागतात. चार दिवस आधी घालून अर्धा तास चाला. नवे असतील तर घरात मोजे घालून वापरा, नाहीतर टाच सोलवटते. मोजे पँटच्या रंगाचे, बसल्यावर पोटरी दिसू नये इतके उंच.

साडी नेसणार असाल तर रोजची सवय हवी. सवय नसेल तर सलवार-कुर्ता उत्तम, त्यात कमीपणा काही नाही. साडीचा पदर निऱ्या घालून खांद्यावर पिनेने पक्का करा, फाइल धरायला हात मोकळा राहतो. कडक खळीची सुती साडी बसप्रवासात चुरगळते. खळ हलकी द्या. कुर्त्याच्या बाजूच्या चिरा बसल्यावर किती उघडतात तेही पाहा.

पुण्याजवळच्या चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत मुलाखतीनंतर कधीकधी शॉपफ्लोअर, म्हणजे यंत्रं चालतात ती जागा, दाखवायला नेतात. तिथे उंच टाचा, उघड्या चपला, लोंबता दुपट्टा चालत नाही. बंद, सपाट बूट घाला. दुपट्टा नसलेलाच बरा.

आदल्या दिवशी सगळं अंगावर चढवून आरशासमोर खुर्चीत दहा मिनिटं बसा. शर्टाच्या दोन बटणांमध्ये फट पडते का? हात पुढे केल्यावर शर्ट पँटमधून सुटतो का? पडत असेल, सुटत असेल तर दुसरा शर्ट काढा. पावसाळ्यात लोकलने जाणाऱ्यांनी बूट-मोजे पिशवीत घ्यावेत, चपलांवर निघावं आणि इमारतीच्या दारात बदलावं. पिशवीत चार सेफ्टी पिना आणि पायासाठी एक जुना पंचा असू द्या.