पिशवीचं ऑपरेशन ठरलंय? सही करण्याआधी नळ्यांचं विचारा

फायब्रॉइडमुळे, म्हणजे पिशवीतल्या गाठींमुळे, आमच्या जाऊबाईंचं पिशवीचं ऑपरेशन ठरलं. मी 26 वर्षं ऑपरेशन थिएटरात सिस्टर होते, म्हणून त्यांनी फाइल माझ्याकडे दिली. संमतीपत्रावर ‘गर्भाशय काढणे’ एवढंच होतं. म्हटलं, “ताई, थांबा. आधी नळ्यांचं विचारू.”

ही नळी म्हणजे गर्भनलिका, पिशवीच्या दोन्ही बाजूंना एकेक. ट्रेमध्ये कितीदा पाहिलीय मी. चारेक इंच लांब, करंगळीहून बारीक, आणि अंडाशयाकडच्या टोकाला मऊ गुलाबी झालर, पदराच्या गोंड्यासारखी. अंडाशयाचा म्हणून ओळखला जाणारा सगळ्यात घातक कॅन्सर बऱ्याचदा या झालरीतच सुरू होतो. तो वेळेत पकडून जीव वाचवेल अशी तपासणी अजून नाही. ब्रिटनमध्ये 2 लाखांहून जास्त बायकांवर अभ्यास झाला. रक्त, सोनोग्राफी सगळं करूनही मृत्यू कमी झाले नाहीत, असा निकाल 2021 मध्ये आला. म्हणून पिशवीचं किंवा कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन होणारच असेल तर त्यातच नळ्याही काढाव्यात, असं कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या डॉक्टरांनी 2010 पासून सांगायला सुरुवात केली.

डॉक्टरांना सरळ विचारा: “दोन्ही नळ्या झालरीसकट पूर्ण काढणार का? अंडाशयं चांगली असतील तर ठेवणार ना?” दुसरा प्रश्न विसरू नका. पाळी चालू असताना अंडाशयं काढली की हाडांना, हृदयाला त्याची झळ बसते. ठरेल ते संमतीपत्रावर लिहून घ्या.

कुटुंब नियोजनाच्या वेळीही हे विचारता येतं. एरवी नळीला रिंग बसवतात किंवा मधला तुकडा कापून बांधतात; झालर आतच राहते. मात्र काढलेली नळी परत जोडता येत नाही, तेव्हा मुलं पुरे असं पक्कं असेल तरच.

आई, बहीण, मावशी, आत्या यांपैकी कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर आधी बीआरसीए जनुकाची तपासणी विचारा; त्यात दोष असला तर या दोन्ही कॅन्सरचा धोका बराच वाढतो. दोष निघाला तर नुसत्या नळ्या काढून भागत नाही. बीआरसीए 1 असेल तर साधारण 35 ते 40, बीआरसीए 2 असेल तर 40 ते 45 या वयात अंडाशयंही काढायचा सल्ला देतात.

आणि बायांनो, कॅन्सरच्या भीतीने धडधाकट पिशवी काढू देऊ नका! बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या कशा सर्रास काढल्या गेल्या ते 2019 मध्ये सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. ज्यांना दुसऱ्या कारणाने ऑपरेशन लागणारच आहे, त्यांच्यासाठी हे सांगतेय.

काढलेल्या नळ्या फॉर्मलीनच्या बाटलीत लॅबला जातात ना, झालर नीट तपासणार ना, हेही विचारा. ताईंची बाटली मी स्वतः नेऊन दिली, लेबलावरचं नाव दोनदा वाचून. रिपोर्ट चांगला आला. डिस्चार्ज कार्डावर ‘दोन्ही नळ्या काढल्या, अंडाशयं ठेवली’ असं लिहून घेतलंय. धोका कमी होतो, शून्य होत नाही. म्हणून ताईंना सांगून ठेवलंय: पोट फुगलेलं राहिलं, दोन घासांत भरल्यासारखं वाटलं, सारखी लघवी होऊ लागली आणि दोन-तीन आठवड्यांत थांबलं नाही, तर ॲसिडिटीची गोळी घेत बसायचं नाही, डॉक्टरांकडे जायचं, हे कार्ड घेऊन.