नग्नचित्र पाहताना आधी हात पाहावा

नग्नचित्रासमोर उभे राहिल्यावर बहुतेकांना पहिली अडचण येते ती संकोचाची. संग्रहालयात शेजारी आईवडील किंवा मुले असली की आपण घाईने पुढच्या दालनात जातो, आणि सोबत कोणी नसले तरी नेमके काय पाहायचे हे ठाऊक नसल्यामुळे नुसते शरीर पाहून परततो. दोन्ही वेळा चित्र पाहायचे राहूनच जाते. त्यावर एक रीत मला फार उपयोगी पडली आहे. चित्रातल्या विवस्त्र व्यक्तीचा हात कुठे आहे आणि तो काय करतो आहे, हे आधी पाहावे. मग तिची नजर पाहावी. आणि त्यानंतर त्याच परंपरेतले आधीचे एखादे चित्र शेजारी ठेवावे. युरोपीय चित्रकलेत पहुडलेल्या विवस्त्र स्त्रीचा विषय सुमारे साडेतीनशे वर्षे एका चित्रकाराकडून दुसऱ्याकडे येत राहिला आणि प्रत्येक मोठ्या चित्रकाराने आपल्या पूर्वसुरीला त्यातून उत्तर दिले, म्हणून ही रीत शिकायला हाच विषय सर्वांत सोयीचा आहे. पुढे उल्लेखिलेली बहुतेक चित्रे त्या त्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर मोठ्या आकारात पाहता येतात. संगणकाच्या पडद्यावर दोन चित्रे शेजारी शेजारी उघडून हा लेख वाचला तर अधिक बरे.

हाताची कथा चित्रकलेच्या आधी, शिल्पात सुरू होते. इसवी सनपूर्व चौथ्या शतकात ग्रीक शिल्पकार प्रॅक्सिटेलीस याने क्निडोस या नगरासाठी स्नानाला निघालेली विवस्त्र ॲफ्रोडायटी, म्हणजे ग्रीकांची प्रेमदेवता, घडवली. तिलाच रोमन परंपरेत व्हीनस म्हणतात. मूळ मूर्ती नष्ट झाली असली तरी रोमन काळातल्या तिच्या अनेक प्रतिकृती उपलब्ध आहेत, आणि त्यांत देवीचा एक हात जांघेसमोर आलेला दिसतो. तो लज्जेने झाकतो आहे की झाकण्याच्या निमित्ताने तिथेच लक्ष वेधतो आहे, हा प्रश्न त्या एका हातामुळे कायमचा निर्माण झाला. इटालियन चित्रकार बोत्तिचेल्लीने पंधराव्या शतकाच्या अखेरीस शिंपल्यावर उभी असलेली व्हीनस रंगवली तेव्हा हीच मुद्रा घेतली. फक्त तिच्या हाताच्या मदतीला लांब सोनेरी केस दिले.

आता जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या चित्रसंग्रहातली, इटालियन चित्रकार जोर्जोनेची निद्रिस्त व्हीनस पाहावी. जोर्जोने 1510 मध्ये व्हेनिसमध्ये मरण पावला तेव्हा हे चित्र अपुरे होते, आणि त्यातला निसर्गदेखावा व्हेनिसमधलाच चित्रकार तिशियन याने पुरा केला असे मानले जाते. उघड्या माळावर व्हीनस झोपली आहे, उजवा हात डोक्यामागे आहे आणि डावा हात मांड्यांच्या मध्ये विसावला आहे. तिचे डोळे मिटलेले असल्यामुळे आपण पाहतो आहोत याची तिला जाणीव नाही. पडद्यावर बोट ठेवून तिच्या कुशीची रेषा गिरवावी आणि मग मागच्या टेकड्यांची रेषा गिरवावी. दोन्ही चढउतार एकमेकांना प्रतिसाद देतात. हे शरीर निसर्गाचाच भाग आहे असे चित्रकार सांगतो आहे, आणि त्यामुळे पाहणाऱ्याचा संकोच आपोआप ओसरतो.

तिच्या शेजारी फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयातली तिशियनची व्हीनस ठेवावी. हे चित्र 1538 मध्ये ग्विदोबाल्दो देल्ला रोव्हेरे याने घेतले. तो पुढे उर्बिनोचा ड्यूक झाला, म्हणून चित्राला त्या नगराचे नाव लागले. डावा हात जोर्जोनेच्या व्हीनससारखाच आहे, पण बाकी सगळे बदललेले आहे. माळाच्या जागी श्रीमंत घरातला पलंग आला आहे, उजव्या हातात गुलाब आहेत, पायाशी लहान कुत्रे झोपले आहे, आणि मागे कपड्यांच्या मोठ्या उघड्या पेटीजवळ दोन दासी आहेत, एक गुडघे टेकलेली आणि एक उभी. मुख्य म्हणजे ही स्त्री जागी आहे आणि थेट आपल्याकडे पाहते आहे. त्यामुळे तोच हात आता झोपेतला राहत नाही. आपण पाहतो आहोत हे जाणून तिने तो तिथे ठेवला आहे. ग्विदोबाल्दोने आपल्या पत्रात या चित्राला देवीचे नाव दिलेच नाही, ‘नग्न स्त्री’ एवढाच उल्लेख केला. चित्राचे नाव आणि चित्राचा उपयोग या दोन वेगळ्या गोष्टी असतात, आणि म्हणूनच कोणतेही नग्नचित्र पाहताना ते कोणी मागवले आणि ते कोणत्या खोलीत लागणार होते, हे शोधावे. शयनगृहातल्या भिंतीसाठी केलेले चित्र आणि सार्वजनिक दालनासाठी केलेले चित्र एकाच मापाने मोजले तर दोन्हींवर अन्याय होतो.

कॅथलिक स्पेनमध्ये नग्नचित्रे दुर्मीळ होती, त्यामुळे तिथल्या वेलाझ्क्वेझ या चित्रकाराने 1647 ते 1651 च्या दरम्यान रंगवलेली व्हीनस विशेष महत्त्वाची आहे. ती आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. इथे झाकणारा हात दिसतच नाही, कारण तिने आपल्याकडे पाठ केली आहे. क्युपिडने, म्हणजे बालरूपातल्या प्रेमदेवाने, धरलेल्या आरशात तिचा धूसर चेहरा दिसतो, आणि बहुतेक लोक म्हणतात की ती स्वतःला न्याहाळते आहे. घरी लहान आरसा घेऊन हे पडताळून पाहावे. आरशात दुसऱ्याचा चेहरा आपल्याला दिसत असेल, तर त्याच आरशात त्याला आपला चेहरा दिसत असतो. म्हणजे प्रकाशाच्या नियमाने पाहिले तर ती आपल्यालाच पाहते आहे. याच चित्रावर 10 मार्च 1914 रोजी स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या मेरी रिचर्डसन यांनी त्या चळवळीच्या नेत्या एमेलीन पँकहर्स्ट यांच्या अटकेच्या निषेधार्थ मांस तोडण्याच्या सुऱ्याने वार केले होते. त्या खुणा दुरुस्त करण्यात आल्या आहेत.

स्पॅनिश चित्रकार गोयाची विवस्त्र माजा (माजा म्हणजे माद्रिदच्या सामान्य वस्तीतली नखरेल तरुणी) 1800 च्या सुमाराची आहे आणि ती माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. तिचे दोन्ही हात डोक्यामागे आहेत. प्रॅक्सिटेलीसपासून चालत आलेला तो हात गोयाने सरळ उचलून बाजूला केला, आणि क्युपिड, आरसा, पौराणिक कथा यांपैकी कोणतेही निमित्त ठेवले नाही. पुढे इन्क्विझिशनने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या धर्मन्यायालयाने, या चित्राबद्दल त्याची चौकशी केली.

एवढे पाहून झाल्यावर पॅरिसच्या ओर्से संग्रहालयातले, फ्रेंच चित्रकार एदुआर माने याचे ऑलिम्पिया हे चित्र समोर घ्यावे आणि या चित्रासाठी किमान अर्धा तास ठेवावा. तरुणपणी मानेने फ्लॉरेन्समध्ये तिशियनच्या व्हीनसची प्रत केली होती. 1863 मध्ये त्याने आपले चित्र रंगवले आणि 1865 च्या पॅरिसच्या सालोनमध्ये, म्हणजे तिथल्या अधिकृत चित्रप्रदर्शनात, ते मांडले. तिशियन आणि माने शेजारी ठेवून एकेक तपशील जुळवत जावा. पलंग तोच, उशांचा उतार तोच, उजवा कोपर तसाच टेकलेला. झोपलेल्या कुत्र्याच्या जागी शेपटी उभारलेले काळे मांजर आहे. पेटीतले कपडे काढणाऱ्या दासींच्या जागी फुलांचा गुच्छ घेऊन आलेली कृष्णवर्णीय सेविका आहे. तिच्यासाठी लोर नावाची स्त्री मॉडेल म्हणून बसली होती. ऑलिम्पियासाठी बसलेली व्हिक्तोरिन मोरां पुढे स्वतः चित्रकार झाली. आता डावा हात पाहावा. तिशियनच्या चित्रात बोटे सैल वळलेली आहेत. इथे तळवा मांडीवर घट्ट, पसरून दाबलेला आहे. तो आमंत्रण देत नाही, अडवतो. गळ्यातली काळी फीत, केसांतले फूल, पायातली सपाता या वस्तूंमुळे ती अंगावरचे कपडे उतरवलेली, मानेच्याच काळातली स्त्री आहे हे स्पष्ट होते, आणि ऑलिम्पिया हे नाव त्या काळच्या पॅरिसमध्ये वेश्यांशी जोडले जात असे. पाहायला आलेला सद्गृहस्थ या चित्रासमोर गिऱ्हाईक होऊन उभा राहिला, आणि माझ्या मते गदारोळ झाला तो यामुळेच. केवळ नग्नतेला विरोध असता तर 1863 च्या सालोनमध्ये लाटांवर पहुडलेली, फ्रेंच चित्रकार काबानेलची व्हीनस खपली नसती. ती तर सम्राट तिसऱ्या नेपोलियनने स्वतः विकत घेतली.

त्याच बैठकीत काबानेलची व्हीनसही उघडावी, कारण रंग लावण्याची पद्धत समजण्यासाठी हा फरक फार बोलका आहे. काबानेलने उजेडापासून सावलीपर्यंत असंख्य मधल्या छटा देऊन त्वचा मेणासारखी गुळगुळीत केली आहे. मानेने उजेड समोरून पाडला, मधल्या छटा जवळजवळ काढून टाकल्या आणि कडा गडद ठेवल्या. शरीर सपाट दिसते अशी टीका त्या वेळी झाली. डोळे किंचित मिटून पाहिले तर हा सपाटपणा लगेच जाणवतो.

आतापर्यंत हात स्त्रीचा आणि कुंचला पुरुषाचा होता, आणि त्याला ठोस कारण होते. लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या 1768 मधल्या संस्थापक सदस्यांत अँजेलिका काउफमन आणि मेरी मोझर या दोन स्त्रिया होत्या. चित्रकार झोफनीने थोड्याच वर्षांत अकॅडमीचे सदस्य विवस्त्र मॉडेलभोवती जमलेले रंगवले, तेव्हा या दोघींना त्याने भिंतीवरच्या तसबिरींत बसवले, कारण त्या वर्गात स्त्रियांनी उभे राहणे मान्य नव्हते. विवस्त्र मॉडेलवरून रेखाटन करता आले नाही की मोठी पौराणिक व ऐतिहासिक चित्रे करण्याची वाटच बंद होत असे. ही परंपरा आतून बदलणारी फ्रेंच चित्रकार सुझान व्हालादों आधी इतर चित्रकारांसाठी मॉडेल म्हणून बसत असे. 1923 मध्ये तिने निळ्या खोलीत पलंगावर रेललेली स्त्री रंगवली, पण तिच्या अंगात पट्ट्यापट्ट्यांची विजार आहे आणि तोंडात सिगारेट आहे. ऑलिम्पियाच्या शेजारी ते चित्र ठेवून पाहावे.

आपल्याकडेही एका हातावरूनच खटला उभा राहिला. 1954 मध्ये मुंबईच्या जहांगीर कलादालनात चित्रकार अकबर पदमसी यांच्या प्रदर्शनातल्या प्रेमी युगुलाच्या दोन चित्रांवर पोलिसांनी आक्षेप घेतला. चित्रातल्या पुरुषाचा हात स्त्रीच्या स्तनावर होता. चित्रे उतरवण्यास पदमसींनी नकार दिला, त्यांच्यावर भारतीय दंड संहितेच्या कलम 292 खाली अश्लीलतेचा खटला चालला आणि ते निर्दोष सुटले. ती चित्रे पाहायची संधी मिळाली तर क्रम तोच ठेवावा: हात कुठे आहे, तो धरतो आहे की केवळ टेकला आहे, दोघांची नजर एकमेकांकडे आहे की बाहेर, आणि आपल्याला त्या खोलीत बोलावले आहे की नाही. पदमसी आणि गोव्यात जन्मलेले चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा यांच्या 7 कलाकृती सीमाशुल्क विभागाने अश्लील ठरवून जप्त केल्या होत्या, आणि प्रत्येक नग्नचित्र अश्लील ठरत नाही असे सांगून मुंबई उच्च न्यायालयाने त्या सोडण्याचा आदेश दिला तो ऑक्टोबर 2024 मध्ये.