फर्निचर अर्धवट आले, रक्कम मात्र पूर्ण कापली गेली : क्रेडिट कार्डावरील रकमेवर हरकत कशी नोंदवावी

फर्निचरची पूर्ण रक्कम क्रेडिट कार्डाने आधीच चुकती केली आणि घरी आलेल्या मालात काही वस्तू कमी निघाल्या, तर विक्रेत्याच्या ‘पुढच्या आठवड्यात पाठवतो’ या शब्दावर थांबून राहण्यावाचून गत्यंतर नसते, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नाही. कार्डाने घेतलेला माल मिळाला नाही, किंवा त्यातला काही भागच मिळाला, तर न मिळालेल्या मालाच्या रकमेवर कार्ड देणाऱ्या बँकेकडे हरकत नोंदवता येते. बँक मग व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांच्या नियमांप्रमाणे ती रक्कम विक्रेत्याच्या बँकेकडे परत मागते. या प्रक्रियेला चार्जबॅक म्हणतात. तिच्यासाठी वकील लागत नाही. मात्र बँकेचा कोणीही अधिकारी तुमच्या घरी येऊन खुर्च्या मोजणार नसल्यामुळे सगळा निर्णय कागदांवर आणि छायाचित्रांवर होतो. ती सामग्री माल दारात असतानाच जमवावी लागते.

पहिली पायरी : माल उतरवून घेताना

फर्निचर बहुधा सुट्या भागांत, अनेक खोक्यांतून येते आणि खोक्यांवर ‘५ पैकी १’, ‘५ पैकी २’ अशा अर्थाच्या चिकट्या असतात. प्रत्येक चिकटी वाचता येईल असे छायाचित्र घ्यावे. पाचांपैकी तिसऱ्या क्रमांकाचे खोके नसेल, तर उरलेल्या चार चिकट्याच तुमची बाजू मांडतात, आणि विक्रेत्याच्याच गोदामात लावलेल्या असल्यामुळे त्या त्याला सहजी नाकारता येत नाहीत. खोकी उघडताना सलग चित्रफीत घ्यावी. हार्डवेअरच्या पाकिटासोबत भागांची यादी असलेला कागद येतो; तोही जपून ठेवावा.

डिलिव्हरी चलनावर ‘माल पूर्ण व सुस्थितीत मिळाला’ असे वाक्य बहुधा आधीच छापलेले असते. टेम्पोवाला घाईत असतो, हमाल जिन्यात खोळंबलेले असतात आणि सही लगेच हवी असते. अशा वेळीही त्या वाक्यावर काट मारून स्वतःच्या हाताने ‘६ पैकी ४ खुर्च्या मिळाल्या, २ खुर्च्या मिळालेल्या नाहीत’ असे लिहावे, तारीख व वेळ घालावी आणि मगच सही करून चलनाच्या दोन्ही प्रतींचे छायाचित्र काढावे. खोकी उघडू देण्यास नकार मिळाला, तर ‘खोकी न उघडता, फक्त ४ नग मिळाले’ एवढे तरी नोंदवावे. ऑनलाइन खरेदीत पोहोच म्हणून ओटीपी मागितला जातो. तो दिला की विक्रेत्याच्या नोंदीत माल पोहोचल्याची खूण होते आणि पुढे बँकेपुढे तीच पुरावा म्हणून ठेवली जाते. म्हणून नग मोजल्याशिवाय ओटीपी सांगू नये. तो देऊन झाला असेल, तर त्याच दिवशी विक्रेत्याच्या अॅपवर किंवा ई-मेलवर कमतरतेची तक्रार नोंदवावी.

दुसरी पायरी : विक्रेत्याला लेखी कळवणे

विक्रेत्याकडे दाद मागून पाहिल्याचा पुरावा नसेल, तर बँक बहुतेक वेळा आधी तोच मागते. फोनवरचे बोलणे येथे उपयोगी पडत नाही. फोन केलाच, तर त्यातले बोलणे लगेच ई-मेलने लिहून पाठवावे. पत्र लांबलचक नसावे. पुढीलसारखा मजकूर पुरतो :

‘ऑर्डर क्रमांक अमुक, तारीख अमुक. या ऑर्डरपैकी दोन खुर्च्या मला मिळालेल्या नाहीत. चलनावरील नोंद व छायाचित्रे सोबत जोडली आहेत. अमुक तारखेपर्यंत या खुर्च्या पोहोचवाव्यात, अथवा त्यांची रक्कम त्याच क्रेडिट कार्डावर परत करावी. तसे न झाल्यास मी बँकेकडे या रकमेवर हरकत नोंदवीन.’

मुदत सात ते दहा दिवसांची द्यावी. विक्रेता ऑनलाइन व्यवसाय करणारा असेल, तर ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे त्या संकेतस्थळाला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि एका महिन्यात निवारण करायचे असते. पत्र त्याच्याच नावे पाठवावे. मात्र महिना पूर्ण होईपर्यंत बँकेकडे जायचे थांबावे, असा याचा अर्थ नाही, कारण बँकेची मुदत दरम्यान चालूच असते. रकमेऐवजी क्रेडिट नोट किंवा पुढच्या खरेदीचे कूपन देऊ केले जाईल. ते नको असेल, तर नकार लेखी कळवावा. गप्प राहिल्यास ते स्वीकारल्याचा अर्थ काढला जाऊ शकतो.

तिसरी पायरी : किती रकमेवर हरकत घ्यायची

माझ्या मते सर्वांत जास्त विचार याच ठिकाणी करायला हवा. संतापाच्या भरात संपूर्ण बिलावर हरकत घेतली जाते, विक्रेता चार खुर्च्या व टेबल पोहोचल्याचा पुरावा देतो आणि खरी असलेली मागणीही फुगवलेल्या मागणीबरोबर बुडते.

समजा, ठाण्यातील एका कुटुंबाने जेवणाचे टेबल ३२,००० रुपयांना आणि सहा खुर्च्या प्रत्येकी ५,००० रुपयांना, म्हणजे जीएसटी धरून एकूण ६२,००० रुपयांना घेतल्या, आणि दोन खुर्च्या आल्या नाहीत. मागणी १०,००० रुपयांची करावी. जीएसटी बिलावर प्रत्येक वस्तूची किंमत वेगळी लिहिलेली असेल, तर हा हिशेब एका ओळीत होतो. ‘डायनिंग सेट, १ नग’ एवढेच लिहिलेले असेल, तर विक्रेत्याकडे वस्तूनिहाय किमतीचा तक्ता ई-मेलने मागावा. तो दिला नाही, तर त्याच दुकानाच्या संकेतस्थळावरील सुट्या खुर्चीच्या किमतीचा स्क्रीनशॉट जोडून हिशेब मांडावा.

कपाटाची गोष्ट वेगळी आहे. सांगाडा आला पण दारे आणि ड्रॉवरचे चॅनेल आले नाहीत, तर जे आले ते वापरताच येत नाही आणि दारांची वेगळी किंमतही बिलावर नसते. अशा वेळी ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’ या कारणाखाली संपूर्ण कपाटाच्या रकमेवर हरकत घेणे रास्त आहे, पण त्यासाठी आलेला माल परत न्यावा असे विक्रेत्याला लेखी कळवलेले असले पाहिजे आणि तो माल परत नेण्याजोग्या स्थितीत ठेवलेला असला पाहिजे. खोळंबा होतो म्हणून गल्लीतल्या सुताराकडून दारे बसवून घेतली, तर माल परत करण्याचा मार्गच बंद होतो. खोलीत अडगळ होते आणि त्याचा त्रास खरा आहे, तरीही निर्णय लागेपर्यंत खोकी पुठ्ठ्यासकट जपावीत.

मागणी कार्डाने भरलेल्या रकमेपुरतीच असू शकते. आगाऊ रक्कम रोखीने किंवा बँक खात्यातून यूपीआयने दिली असेल, तर ती कार्डाच्या या चार्जबॅकमध्ये येत नाही. तसेच दुकानातच एखाद्या वित्त कंपनीकडून हप्त्यांवर कर्ज घेतले असेल, तर तो कार्डाचा व्यवहार नसतो. तेथे तक्रार त्या कंपनीकडे करावी लागते. क्रेडिट कार्डावरचा ईएमआय मात्र कार्डाचाच व्यवहार आहे. हरकत नोंदवताना खरेदी हप्त्यांत बदललेली आहे, हे बँकेला आवर्जून सांगावे.

चौथी पायरी : बँकेकडे हरकत

व्हिसा व मास्टरकार्डच्या नियमांत अशा वादांसाठी साधारणपणे १२० दिवसांची मुदत असते आणि माल न मिळाल्याच्या प्रकरणात ती माल मिळण्याच्या ठरलेल्या तारखेपासून मोजता येते. ऑर्डरप्रमाणे बनवून दिल्या जाणाऱ्या फर्निचरला ही तरतूद मोलाची आहे, कारण ते हाती येईपर्यंत दीड-दोन महिने सहज जातात. तरीही तिच्यावर विसंबू नये. अनेक बँकांनी स्वतःच्या अटींमध्ये याहून कमी मुदत लिहिलेली असते. विक्रेत्याला दिलेली मुदत संपली की दुसऱ्याच दिवशी बँकेकडे जावे.

नेट बँकिंग, अॅप किंवा ग्राहक सेवेच्या ई-मेलवरून डिस्प्यूट फॉर्म, म्हणजे हरकतीचा अर्ज, मिळतो. त्यात ‘हा व्यवहार मी केलेला नाही’ हा पर्याय कधीही निवडू नये. तो फसवणुकीसाठी आहे. निवडल्यास कार्ड बंद केले जाते आणि व्यवहार तुमच्याच ओटीपीने झाल्याचे दिसताच हरकत फेटाळली जाते. ‘माल/सेवा मिळाली नाही’ किंवा ‘अंशतः मिळाली’ हा पर्याय निवडावा. सोबत बिल, ऑर्डरची पोच, नोंद केलेले चलन, खोक्यांची छायाचित्रे, विक्रेत्याशी झालेला पत्रव्यवहार तारखेच्या क्रमाने आणि रकमेचा हिशेब जोडावा. पहिल्याच पानावर घटनाक्रम आठ-दहा ओळींत लिहावा, कारण तपासणारा अधिकारी आधी तेवढेच वाचतो. तक्रार क्रमांक लेखी घ्यावा.

पाचवी पायरी : दरम्यानचे बिल

हरकत घेतली म्हणून कार्डाचे बिल थकवू नये. फसवणूक म्हणून हरकत घेतलेल्या व्यवहारावर निर्णय होईपर्यंत आकार लावू नयेत, असे रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांत म्हटले आहे. अर्धवट मालाचा वाद फसवणुकीत मोडत नाही, त्यामुळे ते संरक्षण गृहीत धरता येत नाही. थकलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज आणि त्यावर जीएसटी लागू शकतो, शिवाय त्या महिन्यातील नव्या खरेदीवरची बिनव्याजी सवलतही जाते. दहा हजारांसाठी एवढी झळ सोसण्यात अर्थ नाही. वादातली रक्कम निर्णयापर्यंत बाजूला ठेवत असल्याचे बँकेने लेखी कळवले, तरच ती वगळून बिल भरावे. काही बँका तात्पुरती रक्कम जमा करतात. ती अंतिम समजून खर्च करू नये, कारण निर्णय विरुद्ध गेल्यास ती परत वळती होते.

सहावी पायरी : विक्रेत्याचे उत्तर

हरकत पोहोचली की बहुधा विक्रेत्याचा फोन येतो : ‘आधी डिस्प्यूट मागे घ्या, मग खुर्च्या पाठवतो.’ हे मान्य करू नये. मागे घेतलेली हरकत पुन्हा उघडणे बहुतेक वेळा जमत नाही. आधी खुर्च्या येऊ द्याव्यात, मोजून घ्याव्यात आणि मग बँकेला कळवून हरकत मागे घ्यावी. माल मिळाल्यावरही रक्कम ठेवून घेणे अप्रामाणिकपणाचे आहे आणि ते उघडही होते. परतावा केल्याचा दावा विक्रेत्याने केला, पण रक्कम दिसत नसेल, तर त्याच्याकडे २३ अंकी एआरएन क्रमांक मागावा. त्यावरून बँकेला शोध घेता येतो.

विक्रेत्याने पुराव्यादाखल तुमच्या सहीचे चलन किंवा ओटीपीची नोंद सादर केली, तर बँक तुमचे म्हणणे विचारते. त्या पत्राला दिलेल्या मुदतीतच उत्तर द्यावे. ‘सही चार नगांसाठी आहे, चलनावरील माझी नोंद पाहावी’ एवढे उत्तरही छायाचित्रासह गेले की पुरेसे वजनदार ठरते.

दाद मिळाली नाही तर

बिलावरील हरकतीचे स्पष्टीकरण आणि लागू असेल तेथे कागदोपत्री पुरावा कार्ड देणाऱ्या संस्थेने जास्तीत जास्त ३० दिवसांत द्यावा, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. उत्तर आले नाही किंवा असमाधानकारक आले, तर आधी बँकेने तक्रारींसाठी नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे आणि ३० दिवस उलटल्यावर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे तक्रारींसाठीच्या सीएमएस पोर्टलवर विनाशुल्क तक्रार करता येते. लोकपाल बँकेच्या सेवेतील त्रुटी पाहतात. खुर्च्या दिल्या की नाही, याचा निवाडा त्यांच्याकडे नसतो.

विक्रेत्याविरुद्धचा मार्ग ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधून जातो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते आणि बरीच प्रकरणे तेथील मध्यस्थीनेच मिटतात. न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे ई-जागृती पोर्टलवरून तक्रार दाखल करावी. विक्रेत्याचे मुख्य कार्यालय बेंगळुरूला असले, तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात ती करता येते, खरेदीची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही आणि मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. बँकेलाही पक्षकार करायचे की नाही, हे तिच्या वागणुकीवरून ठरवावे : तिने वेळेत हरकत पुढे पाठवली आणि नियमाप्रमाणे ती फेटाळली गेली असेल, तर फक्त विक्रेत्यालाच समोर ठेवावे; तिने कागद दडपून मुदत घालवली असेल, तर तिच्याकडून मिळालेले तक्रार क्रमांक व तारखा जोडून तिचेही नाव घालावे.