डग्ग्याला वजन कुठून येतं

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या पहिल्या तबल्याच्या मास्तरांचं ठाम मत होतं, ‘मुलींच्या हाताला डग्गा पेलत नाही.’ डग्गा म्हणजे तबल्याच्या जोडीतला डाव्या हाताचा, खर्जाचा. मी नववीत होते. त्यांचं ऐकून वर्षभर डग्गा नुसता बडवला आणि मनगट सुजवून घेतलं.

मग आत्याने आबान मिस्त्रींचा तबल्याचा एक सोलो ऐकवला. मुंबईच्या पारशी घरातली बाई. केकी जिजिनांकडे शिकल्या, पुढे उस्ताद अमीर हुसेन खाँसाहेबांकडे. एकल वादनासाठी मंचावर बसणाऱ्या पहिल्या काही बायकांत त्यांचं नाव येतं. 2012 मध्ये त्या गेल्या, प्रत्यक्ष ऐकायचं राहूनच गेलं. पण त्या रेकॉर्डिंगमध्ये डग्गा ओरडत नव्हता, बोलत होता. आमच्या मास्तरांचा ‘धा’ हा बोल दारावर थाप मारल्यासारखा यायचा. इथे ‘धा’ नंतर घुमारा उरायचा, आणि तळहाताच्या दाबाने तो हळूच वर चढायचा.

नवीन मुलामुलींना सांगते, जोर खांद्यातून आणू नका. मनगटाची टाच शाईच्या, म्हणजे पुडीवरच्या काळ्या गोलाच्या, कडेला टेकलेली ठेवा, मधलं बोट सैल सोडून पडू द्या. आवाज आला की टाच जरा पुढे सरकवा. एवढंच. मला हे जमायला चार महिने लागले, त्यातले दोन पावडर जास्त लावल्याने हात घसरण्यात गेले!

पुढे मी संगीत महाविद्यालयात प्रवेश घेतला. सयाजीराव महाराजांनी 1886 मध्ये गायक मौलाबक्षांना घेऊन सुरू केलेली शाळा ती हीच, सूरसागर तलावासमोरची. आता ती महाराजा सयाजीराव विद्यापीठात आहे. परीक्षेला कायदे, म्हणजे बोलांच्या विस्तार करायच्या रचना, विचारतात, तसंच ते बोल तोंडाने म्हणायची पढंतही करावी लागते. लाजू नका, स्कूटरवर सिग्नलला थांबलात तरी ‘धाधा तिट धाधा तीना’ म्हणा. लेहरा, म्हणजे साथीला फिरत राहणारी धून, मिनिटाला 60 मात्रांवर ठेवला की 16 मात्रांच्या तीनतालाचं आवर्तन 16 सेकंदांचं होतं. या लयीत कायदा कंटाळा येईपर्यंत वाजवा. दुप्पट करायची घाई बहुतेकांना नडते, मलाही नडली.

पैशांचं विचाराल, तर सोलोवर घर चालत नाही. नवरात्रात गरब्याच्या वाद्यवृंदात बसले तर नऊ रात्री बऱ्या जातात, पण दहाव्या दिवशी बोटं उचलत नाहीत आणि हाताची नजाकतही बिघडते, असं माझं मत. त्यापेक्षा कथकच्या वर्गांना साथ करा. पैसे कमी, पण महिनाभर काम असतं आणि ठेका सरळ राहतो.

पहिल्या दिवशी आमद, म्हणजे नाचातला प्रवेशाचा तुकडा, घ्यायच्या आधी कथकच्या ताईंनी माझ्याकडे बघून विचारलं, ‘तबलजी अजून यायचेत का?’ मी सूर लावायला हातोडीने तबल्याचे लाकडी गट्टे ठोकत होते. चाट, म्हणजे तबल्याची किनार, काळी चारच्या सुराला लागली, तेव्हा म्हटलं, ‘आलेत. आमद घ्या.’