जुन्या गाडीची व्हील कॅप सरकते? या चुका टाळा

व्हील कॅप, म्हणजे चाकाच्या रिमवरचे झाकण, बोटभर सरकली तर गाडी जरा वाकडी दिसते, एवढेच अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ती कॅप व्हॉल्व्हला, म्हणजे हवा भरायच्या नळीला, ओढत असते. आमच्या जुन्या पद्मिनी गाडीच्या मागच्या डाव्या चाकातली हवा तुळजापूरहून सोलापूरला परतताना दोनदा उतरली, तेव्हा पंक्चरवाल्याने ट्यूब पाण्यात धरून बुडबुडे व्हॉल्व्हच्या मुळातून येत असल्याचे दाखवले. कॅपमधल्या ज्या खाचेतून व्हॉल्व्ह बाहेर येतो, तिने तो एका बाजूला दाबून धरला होता आणि मुळाशी रबर चिरले होते. खाचेत व्हॉल्व्ह अडकला की कॅप फिरणार नाही, हा समज म्हणूनच सर्वांत महागात पडतो. व्हॉल्व्ह हवा भरण्यासाठी असतो, कॅप अडवण्यासाठी नव्हे.

दुसरी चूक म्हणजे नक्की काय सरकले हे न पाहताच कॅपला दोष देणे. कॅप, रिमची बाहेरची कड आणि टायर या तिघांवरून खडूने एकच सरळ रेघ ओढावी, दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवावी आणि मग वाकून पाहावे. कॅपवरचा तुकडा पुढेमागे गेला असेल, तर पकड सैल आहे. मात्र कॅप आणि रिमवरची रेघ जुळून टायरवरचीच सरकली असेल, तर टायर रिमवर फिरतो आहे; ट्यूबच्या चाकात हवा कमी ठेवल्याने असे होते, ट्यूबही टायरबरोबर ओढली जाते आणि व्हॉल्व्ह तिरपा होतो. अशा वेळी कॅप कितीही घट्ट बसवली तरी उपयोग नाही.

पकड सैल होण्याचे कारण बहुधा रिमवरच सापडते. ब्रेक लावला की रिमचा वेग एकदम कमी होतो, कॅप मात्र आपल्या वेगाने पुढे फिरू पाहते आणि तिला धरून ठेवतात ते केवळ मागचे क्लिप किंवा पोलादी दात. ते टेकतात त्या कडेवर गंज, काळ्या मातीचा वाळलेला थर किंवा नव्याने दिलेला जाड, गुळगुळीत रंग असेल, तर दातांना धरायला काही उरत नाही. म्हणून कड तारेच्या ब्रशने घासून कोरडी पुसावी, पोलादी दात पक्कडीने बाहेरच्या बाजूला किंचितच वाकवावेत आणि प्लास्टिकच्या कॅपमागची तारेची रिंग सैल झाली असल्यास बदलावी. सोलापूरच्या उन्हात वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचे प्लास्टिकचे क्लिप ठिसूळ होतात. तडा गेलेला क्लिप चिकटवून चालत नाही. एवढे करूनही कॅप सरकत असेल, तर दात टेकतात तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबची पातळ पट्टी ठेवावी. जाड पट्टीने कॅप पूर्ण बसत नाही आणि खड्ड्यात उडून जाते.

मापाची गल्लत करू नये. मारुती ८०० चे रिम १२ इंची, तर अॅम्बॅसिडरचे १५ इंची असते. जवळच्या मापाची कॅप ठोकून बसवली, तरी ती टिकत नाही. कॅप अडवण्यासाठी रिमला भोक पाडणे धोक्याचे आहे. तशी रचना नसलेली कॅप नट आणि रिम यांच्यामध्ये दाबणे तर त्याहून वाईट, कारण नट रिमवर थेट बसला नाही तर चालत्या गाडीत सैल होऊ शकतो.

कॅप बसवताना आधी व्हॉल्व्ह खाचेच्या बरोबर मध्ये आणावा, दोन्ही बाजूंना मोकळी जागा राहिल्याची खात्री करावी आणि मग तळहाताने समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने दाबत जावे. पंक्चर काढून झाल्यावर पुन्हा तशीच खडूची रेघ ओढावी.