मलेरियाची फवारणी: या चुका टाळा

फवारलेली भिंत सारवू नका. हे दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी तेच होतं. किनवटकडच्या एका वाडीत आम्ही दोन दिवस राबून घरं, गोठे सगळं फवारलं. आठ दिवसांनी रक्ताचे नमुने घ्यायला गेलो, तर भिंती शेणामातीनं लख्ख सारवलेल्या. महालक्ष्म्या बसल्या होत्या ना! औषध सारवणाखाली गाडलं गेलं. मलेरियाच्या डासाची मादी रक्त पिऊन भिंतीवर टेकते, तेव्हा तिच्या पायांना औषध लागतं. तिथं तर नुसतं शेण. पुन्हा फवारावं लागलं, म्हणजे दुप्पट विष. आता मी आधी बायांना सणवार विचारतो, सारवून घ्या म्हणतो आणि भिंत खडखडीत वाळली की पंप उचलतो. पुढं अडीच महिने भिंतीला हात लावायचा नाही.

ओढ्यात पंप धुणारा मला अजिबात खपत नाही. घरी जायच्या घाईत एका नव्या पोरानं डोहाकाठी पंप खळखळून ओतला. सकाळी मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. पंपातलं औषध, म्हणजे सिंथेटिक पायरेथ्रॉइड, माशांना भयंकर जहरी. आणि तेच मासे डासांच्या अळ्या खात होते! माझी सवय अशी: विसळलेलं पाणी पुढच्या पंपाच्या मिश्रणात घालायचं, शेवटचं विहीर-ओढ्यापासून लांब खड्ड्यात.

‘पूर्वीसारखं डीडीटी मारा’ म्हणणारेही भेटतात. शेतीसाठी त्यावर 1989 साली बंदी आली. 2001 च्या स्टॉकहोम करारानं रोग पसरवणाऱ्या किड्यांपुरती सवलत ठेवली. रानभर उधळणं वेगळं, घरातल्या भिंतीला मोजून लावणं वेगळं, हे मला पटतं. पण खेड्यात मलेरिया पसरवणारा अ‍ॅनॉफिलीस क्युलिसिफेसीस हा डास पुष्कळ ठिकाणी डीडीटीला दाद देत नाही. मग मात्रा वाढवून मातीच नासते.

कपाशीचं उरलेलं औषध घरात मारू नका, माणूस दगावेल.

धुराच्या गाडीवर विसंबू नका. धूर विरला की अळ्यांतून नवे डास निघतात.

गप्पी मासे हौदात सोडा, नदीत नको.

टँकरच्या गावात ‘अळ्या झालेलं पाणी ओतून द्या’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ड्रमला जुन्या धोतराचं फडकं घट्ट बांधा. आठवड्यातून एकदा पाणी फडक्यातून गाळून दुसऱ्या भांड्यात घ्या, रिकामा ड्रम आतून घासा आणि तेच पाणी परत भरा. तिथं औषधाचा थेंबही लागत नाही.