मॉडेल रेल्वेच्या रुळाला खडी टाकताय? या चुका टाळा

खडी हे शेवटचं काम. वायरिंग अर्धवट, ट्रॅक अजून हलतोय आणि खडीची पुडी मात्र फोडलेली, हे मला दर महिन्याला कुठेतरी दिसतं. आधी गाडी दोन्ही दिशांनी हळू पळवून बघा. रुळाला गंजाचा रंग द्यायचा असेल तर तोही आधीच.

सगळ्यात मोठा घोळ पॉइंटपाशी, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते तिथे. कोथरूडच्या एका मुलाने गणपतीच्या आराशीत खंडाळ्याचा घाट केला होता, आणि देखणा केला होता. चतुर्थीच्या आदल्या रात्री त्याने सरसकट खडी पसरून वरून पातळ फेविकॉल ओतलं. सकाळी फोन, "काका, पॉइंट हलतच नाहीये!" हलणार कसा? सरकणाऱ्या रुळांखाली आणि त्यांना ओढणाऱ्या पट्टीत गोंद शिरलेला. बाकीची खडी भाद्रपदाच्या दमट हवेत ओलीच. साधं फेविकॉल पाण्याने मऊ पडतं म्हणून निभावलं. कोमट पाणी आणि टूथपिक घेऊन बसलो, गाडी सुटली ती संध्याकाळच्या आरतीनंतर.

पॉइंटपाशी मी गोंद ओततच नाही. हलत्या भागाखालची जागा नुसती खडीच्या रंगाने रंगवतो, बाजूला मोजके दाणे काडीने बसवतो आणि वाळेपर्यंत मधूनमधून पॉइंट हलवत राहतो.

कोरड्या खडीवर थेट गोंद सोडू नका. थेंब आत जिरत नाही, दाणे गुंडाळून गोळी होते आणि शेजारी खड्डा पडतो. आधी पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब घालून लांबून बारीक फवारा मारा, खडी पूर्ण भिजू द्या. मग निम्मं फेविकॉल, निम्मं पाणी, ड्रॉपरने स्लीपरांच्या, म्हणजे रुळाखालच्या आडव्या पट्ट्यांच्या, मधे. पांढरं दिसेल, वाळल्यावर दिसणार नाही. रात्रभर हात लावायचा नाही. हेअर ड्रायर घेऊन उभं राहणाऱ्यांना मी आता सांगणं सोडलंय.

खऱ्या रुळाखालची खडी साधारण २० ते ६५ मिलिमीटरची. एचओ या मॉडेलच्या मापात, म्हणजे १:८७ ला, ती पाऊण मिलिमीटरच्या आत बसते. बांधकामाची क्रश सँड वापरायची तर चाळूनच. आणि तिच्यावरून चुंबक फिरवा, कारण आपल्याकडचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट, त्यात मॅग्नेटाइट असतं. असले दाणे इंजिनाच्या मोटरमध्ये जाऊन बसतात.

स्लीपरवरचे आणि रुळाच्या आतल्या कडेचे दाणे गोंदाआधीच मऊ ब्रशने झाडा. नंतर ते खरवडून काढावे लागतात, आणि त्यात रुळाचा रंगही जातो.